बांधीतली कविता

दहावीची तोंडी परीक्षा आठवड्यावर आली आणि उन्हाळी धानाच्या रोवणीपायी माझा अर्धा वर्ग रिकामा झाला. त्यातल्या राखीची तर इंग्रजी कविता म्हणताना एरवीही बोबडी वळायची. शेवटी मीच पदर खोचून राखीच्या बांधीत, चिखल केलेल्या धानाच्या वावरात उतरले. मी ओळ म्हणायची, पोरींनी ती रोवणीच्या गाण्यासारखी झेलायची, रोप चिखलात खुपसायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. "मॅडम, तुमची रांग वाकडी जाऊन राहिली जी," राखीची आई हसायची. परीक्षेत मुख्याध्यापकांसमोर राखी पहिल्याच ओळीला अडखळली. मग ती कमरेत वाकली, हवेतच रोवू लागली आणि कविता सुरू झाली, बिनचूक. एका ओळीला एक पाऊल मागे. कविता संपली तेव्हा तिची पाठ भिंतीला टेकली होती. "पोरी, मागे काहून सरकत गेली?" सरांनी विचारलं. "सर, समोर सरकली तर रोवलेलं तुडवलं जाईन ना!"