शेजारची ओळ

आजोबांनी रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि खो खो हसले.

"साहेब, हे कुणाचं गाठोडं माझ्या गळ्यात मारलंत? मानेतल्या गाठीत सुई घालणार म्हटल्यावर मी काल इथून धूम ठोकली. तपासणी झालीच नाही, आणि निकाल म्हणे उत्तम!"

लॅबचा कॉम्प्युटर ऑपरेटरही हसला. सकाळपासून तो कशालाही हसत होता. मग त्याचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं.

लॅबचा नियम असा की गाठीतल्या नमुन्याच्या काचपट्टीचा नंबर बघून एकेक निकाल एकेका नावापुढे लावायचा. त्यात दुपार होते. पण आजच्या यादीत त्याच्या बायकोचं नाव होतं आणि त्याला दम निघत नव्हता. नावं एका फाइलीत, निकाल दुसऱ्या फाइलीत, दोन्हींचा क्रम तोच. त्याने 'पेस्ट'ची कमांड दिली. पहिल्या ओळीशेजारी पहिली, दुसरीशेजारी दुसरी, पापणी लवायच्या आत सगळं जुळलं. बायकोच्या नावापुढे आलं, कर्करोग नाही. त्याने तिथूनच तिला फोन लावला आणि काउंटरमागे बसून ढसाढसा रडला.

कुणाचं काय, हे ती कमांड बघत नाही. शेजारी आणून ठेवते, बस्स. आजोबांचं नाव नावांच्या फाइलीत होतं, त्यांची काचपट्टी मात्र नव्हतीच. म्हणजे त्यांच्यापासून खाली प्रत्येकाचा निकाल एक ओळ वर, भलत्याच माणसाकडे गेला होता.

बायकोचं नाव आजोबांच्या खाली होतं.

"आजोबा, नीट आठवा. टोचलं असेल हो. कधी कधी कळतसुद्धा नाही."

"मला? अहो, मला डास चावला तरी घर डोक्यावर घेतो मी."

"मान दाखवा बरं." तो काउंटरवरून अर्धा बाहेर वाकला. "हे बघा, इथे लाल दिसतंय. हे कसलं?"

"दाढी करताना कापलंय." आजोबांचं हसणं थांबलं. "साहेब, तुम्हाला बरं नाही का?"

तो आत गेला आणि त्याने डॉक्टरांना सांगून टाकलं. त्यांनी एकेक नंबर लावून पाहिला. एका नंबरापाशी त्यांचं बोट थांबलं, आणि रागावलेला आवाज एकदम खाली आला.

"सगळ्यांना बोलावून घ्यायला हवं. आत्ताच." मग म्हणाले, "घरचं... तू बघशील ना?"

फोन वाजला. बायको होती. "अरे, ऐक ना, आज मी दोनदा वाढून घेतलं. पोट फुटायची वेळ आली. लवकर ये. काही आणू नकोस, नुसता ये."

तो "हो" म्हणाला.

बायकोच्या वरचं नाव ज्या बाईंचं होतं, त्या अजून बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. सकाळी त्यानेच त्यांच्या हातात कर्करोग असल्याचा कागद दिला होता. त्या पांढऱ्याफटक पडल्या तेव्हा स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं होतं, धीर दिला होता, आणि मनातल्या मनात म्हटलं होतं, आपण सुटलो.

तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"ताई, चूक झाली. माझ्या हातून झाली. हा कागद तुमचा नाही. तुमच्या गाठीत काही नाहीये."

त्यांनी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग त्याचे दोन्ही हात धरून इतक्या मोठ्याने रडल्या की काउंटरपाशी आजोबांनी डोळे पुसले.

"तुमच्या तोंडात साखर पडो, दादा."

त्याला हात सोडवून घेता येईना. बऱ्याच वेळाने त्यांनीच सोडले. मुठीत चुरगळलेला कागद गुडघ्यावर ठेवून तळव्याने नीट केला आणि त्याच्यापुढे धरला.

"हा जिचा कुणाचा असेल ना, तिला आधी पाणी द्या, मग सांगा. माझ्या वेळी तुम्ही उलटं केलंत."