गुप्त मतदानाचा डबा

टण्ण.

पहिलंच मत डब्यात पडलं आणि सहदेवने कपाळावर हात मारला. मत पितळी पडलं हे अख्ख्या हॉलला कळलं होतं. लोखंडी पडलं असतं तर खट् वाजलं असतं, आणि तेही कळलं असतं. ज्यांची उमर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मशीनवर गेली, त्यांना पितळ आणि लोखंड ओळखायला डोळे लागत नाहीत.

आणि ही वॉशरची युक्ती सहदेवचीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

युनियनमध्ये मतदान असं कधी झालंच नव्हतं. गेट मीटिंगला युनियनचे पुढारी दाजी 'कामगार एकजुटीचा' असं ओरडायचे, 'विजय असो' म्हणत सगळ्यांच्या मुठी वर जायच्या, आणि त्याच मुठींकडे बघून दाजी जाहीर करायचे, "ठराव एकमताने मंजूर!" मागून सहदेव घसा फाडून हरकत घ्यायचा. तोवर दाजी पुढच्या ठरावावर गेलेले असायचे. इतकी वर्षं हेच, पालथ्या घड्यावर पाणी.

या वेळी मात्र तो हटला नाही. कंपनीला पॅकिंग खातं बंद करायचं होतं. दाजी नेहमीसारखे एकटेच मॅनेजरकडे बोलणीला गेले आणि करार ठरवून त्याचा कागद घेऊन आले. पॅकिंगच्या बायका घरी, बाकीच्यांना पगारवाढ. बायकांपैकी थोड्याजणींना दुसऱ्या खात्यात घेणार, आणि कोणाला घ्यायचं ते दाजी सांगणार. सहदेव घरोघर फिरला, लोकांची बोलणी खाल्ली, सह्या गोळा केल्या. तो सह्यांचा कागद दाजींच्या नाकासमोर धरला तेव्हा कुठे गुप्त मतदान मिळालं. बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला दोन वॉशर दिले. करार मान्य असेल तर डब्यात पितळी टाकायचा, नसेल तर लोखंडी. उरलेला आपल्याजवळ ठेवायचा. वर्तकनगरमधला हॉल घेतला, ऑइलचा रिकामा डबा आणला, झाकणाला फट पाडली. सगळ्याचा विचार केला, फक्त डबा पत्र्याचा आहे एवढं डोक्यात आलं नाही.

दाजी डब्याला खेटून खुर्चीवर बसले होते. मान किंचित कलती, नजर येणाऱ्याच्या तोंडावर.

सहदेव चिंध्यांचा बोळा घेऊन धावला. "थांबा, थांबा! आत चिंध्या घालतो. आवाज होतोय, दाजी!"

दाजींनी त्याचा हात झटकला. "मतदान चालू झाल्यावर डब्याला हात नाय लावायचा."

"अहो, पण आवाज…"

दाजींनी पुढच्या माणसाला बोटाने खूण केली. टण्ण. टण्ण. टण्ण. सहदेव तिथेच बोळा हातात धरून उभा राहिला. संताप असा आला की डबा उचलून बाहेर भिरकावावासा वाटला.

मग पॅकिंगच्या बायका आल्या. सगळ्यांत पुढे रंगूबाई. नवरा गेल्यापासून तिचं घर या नोकरीवरच चालत होतं. कालच ती म्हणाली होती, "लोखंडीच टाकणार, बघच तू." आता ती डब्यापाशी आली आणि थबकली. तिने दाजींकडे पाहिलं. दाजी तिच्याकडेच पाहत होते.

टण्ण.

तिच्यामागच्या बायकांनीही तेच केलं. शेवटी सहदेवने आपला लोखंडी टाकला. खट् असा आवाज झाला आणि सगळा हॉल वळून बघायला लागला.

करार मंजूर झाला. लोक चहाला बाहेर पडले. रंगूबाई भिंतीला टेकून बसली होती. सहदेव तिच्यावरच घसरला.

"रंगूबाई, स्वतःच्या हाताने स्वतःचं काम घालवलंत?"

"मग काय करू रे? कान लावून बसलेले ते. लोखंडी वाजला असता तर दुसऱ्या खात्यात घेतलं असतं मला?"

सहदेव तरातरा दाजींकडे गेला. ते पाठमोरे होते. "दाजी!" त्याने हाक मारली. पुन्हा मारली, या वेळी हॉल दणाणेल अशी. दाजी आपले डब्याचं झाकण परत लावत होते. शेवटी सहदेवने त्यांना खांद्याला धरून फिरवलं.

"मुद्दाम बसलेलात ना डब्याजवळ? कोण काय टाकतोय ते ऐकायला?"

दाजी त्याच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी दाराकडे नजर टाकली. हॉलमध्ये तिघांशिवाय कोणी नव्हतं.

"ओरडू नको. त्याने काय फरक पडत नाय," ते म्हणाले. "प्रेस मशीनच्या दणदणाटात कान गेले रे माझे. साफ गेले. कंपनीला कळलं तर अनफिट म्हणून घरी बसवतील, म्हणून कोणाला बोललो नाय. तुमची तोंडं ओळखीची. ओठ बघून थोडं समजतं, थोडं सुटतं."

रंगूबाई उठून पुढे आली. दाजींच्या समोर उभी राहून तिने एकेक शब्द सुटा करत विचारलं, "आणि मॅनेजरसाहेबाशी बोलणी झाली, ती कशी?"

दाजींनी नजर खाली वळवली.

"तो इंग्रजीत बोलत होता. मी मान हलवत होतो."