शेजारणीला न दाखवलेलं उत्तर

देशाच्या सीमा त्रिकोणमितीवर उभ्या आहेत, असं गायधनी सर त्यांच्या लष्करभरतीच्या गणित क्लासच्या पहिल्याच तासाला सांगत. स्वतः सर बार्शीच्या पलीकडे फक्त लग्नांना गेले होते.

प्रणोती लष्करी प्रबोधिनीची लेखी परीक्षा पास झाली. उत्तरतालिकेवरून सरांनी तिचे गुण काढले आणि त्याच दिवशी चौकात फ्लेक्स लावला. धड कुठल्या तरी अधिकाऱ्याचं, डोकं प्रणोतीचं, खाली ‘भावी लेफ्टनंट’. निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी बाकी होती. पण नऊशेपैकी सहाशेवालीला अडवतंय कोण?

चाचणी संपली आणि प्रणोती एसटीतून उतरून थेट क्लासवर आली.

“घरी पाठवलं, सर.”

“गणितात काही विचारलं का गं?”

“दोन फळ्या, एक दोर. आम्ही आठ जणींनी मिळून खड्डा ओलांडायचा होता. कसा, ते मला पहिल्याच मिनिटाला सुचलं.”

“शाब्बास! मग?”

“मग मी गप्प उभी राहिले. आपलं उत्तर शेजारणीला दाखवायचं नाही, हे दोन वर्षं तुम्हीच सांगत होतात ना?”

सरांनी चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. “वयात अजून बसतेस ना?”

“आणखी एकदाच. सहा महिन्यांनी परत परीक्षा आहे.”

सर ताडकन उठले. “ठरलं! आजपासून या वर्गात प्रत्येक जण आपलं उत्तर...”

प्रणोतीने तोवर दाराआडची शिडी खांद्यावर घेतली होती.

“सर, भाषण नंतर करा. फ्लेक्स उतरवायचाय, चौकात येऊन जरा शिडी धरा.”