उभ्या दगडांची सहल

"तिथं साधं बसायला बाकसुद्धा नाही, माहीत आहे ना?" टेबलावर पसरलेल्या नकाशावरून थोरलीने धाकटीचा हात बाजूला सारला.

"दगड आहेत की बसायला. हजारो वर्षं उभे आहेत, बाबा टेकले म्हणून पडणार नाहीत."

"तू शेवटची कधी गेली होतीस तिथं?"

"आणि तू?"

"मला कुठून वेळ मिळणार? मी इथं असते."

टोमणा वर्मी बसला. धाकटी दूरच्या शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवत असे आणि वर्षातून दोनदा घरी येई. थोरली इस्पितळात नर्स होती. आई गेल्यापासून वडील तिच्याकडेच होते. गेली काही वर्षं ते सगळं विसरत चालले होते. आधी चष्मा, मग वाटा, मग माणसं. सोमवारी थोरली त्यांना वृद्धाश्रमात नेऊन सोडणार होती. खोलीही ठरली होती.

धाकटी ते थांबवायला आली होती. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माळावर उभ्या शिळांचं एक वर्तुळ होतं, लिहिणं-वाचणं सुरू होण्याच्याही आधी कुणीतरी उभारलेलं. दर वर्षी ते चौथीचा वर्ग घेऊन तिथे जात. त्या दगडांपाशी नेलं की त्यांना सगळं आठवेल, असा धाकटीचा हट्ट होता.

"शनिवारी मी नेते. तिथं त्यांनी मला ओळखलं, तर ते माझ्याकडे राहतील. आश्रम रद्द."

"आणि नाही ओळखलं तर?"

धाकटी नकाशाची घडी नीट करत राहिली.

"तुझ्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर," थोरली म्हणाली. "दिवसभर तू रस्त्यावर, लोकांना ब्रेक दाबायला शिकवणार. आणि हे गॅस चालू करून बसले की?"

"इथं काय मोठं सुख आहे? घराचा वॉर्ड केलायस तू. दाराला बाहेरून कडी, गोळ्यांचे डबे, अंगाला फिनेलचा वास. माणूस आहे की पेशंट?"

"मागच्या महिन्यात ते पायजम्यावर चौकात जाऊन उभे होते. पोलिसांनी आणून सोडलं. तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस, आठवतं? 'क्लासमध्ये आहे, मग बोलू.'"

"ताई, तुला फक्त सुटका हवी आहे."

"हो, हवी आहे!" थोरलीने कप इतक्या जोरात ठेवला की चहा नकाशावर सांडला. "हवीच आहे. तूही एकदा रात्रभर जागून बघ, मग बोल मला."

वडील पलीकडे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दोघी त्यांच्याविषयी बोलत होत्या, पण ते तिथे नसल्यासारख्या.

"ते मला ओळखतात," धाकटी पुन्हा म्हणाली. "परवा फोनवर मला 'शहाणी मुलगी' म्हणाले."

"बँकेच्या माणसाचा फोन आला, त्यालाही ते 'शहाणा मुलगा' म्हणाले. कर्ज घ्या म्हणून मागे लागला होता तो."

एरवी दोघी खो खो हसल्या असत्या. आज कुणी ओठही हलवला नाही.

"तुला ओळखतात का मग?" धाकटीने विचारलं.

थोरलीला राग यायला हवा होता. तिने फडकं घेतलं आणि नकाशावरचा चहा पुसू लागली. पुसून झाल्यावरही ती पुसतच राहिली.

"मी त्यांना अंघोळ घालते," ती शेवटी म्हणाली. "ओळखतच असणार."

"म्हणजे तुलाही ठाऊक नाही."

"ठीक आहे. शनिवारी जाऊ. पण मीही येणार, आणि पुढच्या सीटवर मी बसणार. त्यांनी हाक कुणाला मारली ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे."

"हाका मोजायला मीटर लावून बस. चढाओढच आहे ना ही!"

"तूच लावलीस!"

आवाज इतके चढले की वडील खुर्चीतून उठून आत कधी गेले, हे दोघींनाही कळलं नाही. ते परत आले तेव्हा अंगात कोट होता, डोक्यावर टोपी होती, बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या होत्या. ते टेबलाजवळ ताठ उभे राहिले आणि शांतपणे वाट बघू लागले. गोंगाट आपोआप थांबतो यावर आयुष्यभर विश्वास ठेवलेला माणूस उभा राहतो, तसे.

गोंगाट थांबला.

वडिलांनी थोरलीचा हात धरला, मग धाकटीचा, आणि एकीचा हात दुसरीच्या हातात दिला.

"तुम्ही दोघी एक जोडी," ते म्हणाले. आवाज पूर्वीसारखा होता, स्वच्छ आणि मायेचा. "माळावर वारा फार असतो. एकीनं दुसरीचा हात सोडायचा नाही. आणि भांडायचं तर मुळीच नाही. भांडलात की दगड बघायचे राहून जातात."

धाकटीचे डोळे चमकले. "बघ ताई," ती कुजबुजली. "बघितलंस?"

थोरलीने धाकटीचा हात घट्ट दाबला. किती वर्षांनी, कोण जाणे.

वडिलांनी दोघींकडे पाहून समाधानाने मान हलवली.

"आणि शनिवारी निघण्याआधी घरी वडिलांना विचारून या बरं का. न सांगता आलात, तर ते बिचारे वाट बघत बसतील."