सहा शब्दांचा नंबर

मिरज स्टँडवर मृदुलाची पर्स चोरीला गेली, मोबाइलही त्यातच होता. कँटीनवाल्यांनी काउंटरवरचा फोन पुढे सरकवला, पण तिला कुणाचाच नंबर पाठ नव्हता. एकच आठवला. लग्नानंतर सासऱ्यांनी, हुपरीकर मास्तरांनी, घरच्या फोनसाठी वाक्य जुळवून दिलं होतं: ‘सून आली नि हसलं घर माझं.’ प्रत्येक शब्दाची अक्षरं मोजायची. आधी गावातल्या सगळ्याच नंबरांना लागणारा दोन, मग दोन, दोन, एक, तीन, दोन, दोन.

घटस्फोटाला नऊ वर्षं झाली होती. तरी तिने नंबर लावला.

“कोण?”

“बाबा, मी मृदुला. स्टँडवर अडकलेय.”

“तिथेच थांब.”

वीस मिनिटांत ते रिक्षाने आले. तिला पुण्याचं तिकीट काढून दिलं, चहा पाजला. ‘एकटीच असतेस का’ असं मात्र विचारलं नाही.

“घरी सगळे बरे?” तिनेच विचारलं.

“सगळे म्हणजे मीच. ही गेली दोन वर्षांपूर्वी. तो कॅनडात.”

बस सुटायला आली तसे ते तिच्या खिडकीशी आले. “पोरगा म्हणतो, तो जुना फोन बंद करून टाका, वाजत तर नाही.” मग म्हणाले, “रविवारी करशील? मी घरीच असतो.”