मोहरीचा वास

“वास येतोय. पुन्हा धुऊन आणा,” टँकरच्या झाकणातून डोकं बाहेर काढत कुलथे म्हणाला.

टँकरचालक रंगनाथ खटकेचं टाळकं सरकलं. लातूरच्या तेल कारखान्यात सकाळपासून त्याने टँकर दोनदा गरम पाण्याने धुतला होता. मागच्या खेपेला त्यात मोहरीचं तेल होतं, आता सोयाबीनचं भरायचं होतं. पण तपासनीस कुलथेने पास केल्याशिवाय माल मिळत नव्हता. मागच्या दोन टँकरांनाही त्याने असंच परत पाठवलं होतं. आणि दुपारी निघालं नाही, तर सोलापुरातलं नातीचं बारसं हुकणार होतं.

“अहो साहेब, कसला वास? मला तर काहीच येत नाही!”

कुलथेने आवाज खाली आणला. “मामा, खरं सांगू? चार दिवस सर्दीने नाक चोंदलंय. मलाही कसलाच वास येत नाही. चुकून पास केलं आणि तेल बिघडलं, तर नोकरी जाईल माझी. म्हणून सगळ्यांनाच परत पाठवतोय.”

खटकेने कपाळावर हात मारून घेतला.

“आता तुम्हीच बघा,” कुलथे म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसा शेरा मारतो.”

खटके तरातरा शिडी चढला. काय सांगायचं ते त्याने दुसऱ्याच पायरीवर ठरवून टाकलं होतं. त्याने झाकणातून डोकं आत घातलं. बराच वेळ ते बाहेर आलं नाही.

“येतोय!” शेवटी तो वैतागून ओरडला. “मोहरीचा येतोय. द्या तो गरम पाण्याचा पाइप इकडे.”