कुलूपबंद झिप

पहिल्या ठोशात मास्तरचा चष्मा टेबलाखाली गेला. दुसऱ्या ठोशाला धाकट्याच्या मुठीचं कातडं सोलवटलं.

"पासवर्ड," धाकटा म्हणाला.

"नाही."

सुट्टीचा दिवस होता. खाली ट्रकच्या अड्ड्यात चिटपाखरू नव्हतं, वर ऑफिसात हे दोघंच. मास्तरला ताडपत्रीच्या दोरखंडाने खुर्चीला करकचून बांधलं होतं. तो अड्ड्याचा प्रोग्रामर. दोघा भावांना कॉम्प्युटर त्यानेच शिकवला, म्हणून मास्तर. त्याचं दुपारचं जेवण वर्षानुवर्षं यांच्याच घरी, आईच्या हातचं.

"खाल्ल्या घरचे वासे मोजलेस," धाकटा म्हणाला. "कोणीतरी माझ्या दादाच्या डोक्यात पाना घातला, तोही आपल्याच गेटवर. पोलिसांना सांगितलंस, कॅमेरे बंद होते. बंद नव्हते. तू लपवलंस."

तसलाच एक चाकाचा पाना टेबलावर तयार होता. ज्याने हे केलं त्याला असाच, स्वतःच्या हाताने संपवीन, अशी शपथ धाकट्याने आईसमोर घेतली होती. ऐकून आई मटकन खालीच बसली होती.

रोज संध्याकाळी मास्तरचा प्रोग्राम आपोआप चालायचा. त्यात त्याने एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, वापरली होती. ती कॅमेऱ्यांच्या दिवसभराच्या फाइली एकेक उचलायची, ट्रंकेत कपडे कोंबावेत तशा दाबून बसवायची आणि त्यांची एक झिप, म्हणजे एकच आटोपशीर फाइल, तयार करायची. मग मूळ फाइली पुसल्या जायच्या. या झिपांना कधी पासवर्डचं कुलूप नसायचं. दादा गेला त्या एका संध्याकाळच्या झिपला मात्र होतं.

धाकटा काही अगदीच ढ नव्हता. कुलूप असलं तरी आतल्या फाइलींची नावं आणि आकार बाहेरून दिसतात, हे मास्तरनेच त्याला शिकवलं होतं. कॅमेऱ्यासमोर काही हललं नाही की फाइल हडकुळी राहते, माणसं हलली की फुगते. गेटच्या कॅमेऱ्याची फाइल टम्म फुगलेली होती.

"कोण होतं गेटवर? किती खाल्लेस?"

"दमडी नाही." मास्तर रक्त थुंकला. "पुसू नको, नुसतं कुलूप घाल, एवढीच विनंती होती."

"कोणाची?"

धाकट्याने त्याची करंगळी धरली आणि मागे वाकवली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. या वेळी मास्तर ओरडला.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"गोट्या, कुठे आहेस रे?" त्याला या नावाने हाक मारणारी जगात ती एकटीच.

"ऑफिसात. मास्तर सापडलाय, आई. याला सगळं माहितीये."

"सोड त्याला, बाळा. माझी शपथ आहे."

"तुझा मुलगा गेला ना गं? तुला काहीच वाटत नाही?"

"एक गेला, आता दुसरा तुरुंगात घालवू?" ती म्हणाली. "थांब, मीच येते तिकडे."

"त्या अधू पायाने? जिना चढवणार आहे का तुला? गप घरी बस." त्याने फोन कापला.

साधं झुरळ मारायचं तरी तिला मला हाक मारावी लागते, त्याच्या मनात आलं. त्याला तिची दया आली.

त्याला स्वतःचाच खरा राग होता. खून झाला त्या दुपारी वाटणीवरून दादाशी कडाक्याचं भांडण झालं होतं. धाकट्याला अर्धा अड्डा हवा होता, दादा एक टायरही द्यायला तयार नव्हता. भावाभावांत चालायचंच. शेवटी दादानेच मोठ्या मनाने बाटली काढली आणि ग्लासावर ग्लास भरून दिले. धाकटा ढोसून गेटजवळच्या बाकावर आडवा झाला, तो सकाळी घरीच जागा झाला. अंगावर आईची शाल होती. मास्तरने उचलून आणलं म्हणे. आपण शुद्धीत असतो तर दादा वाचला असता, हे त्याला आतून कुरतडत होतं.

मास्तरने उचलून आणलं. धाकट्याचं डोकं एकदम लख्ख झालं.

"म्हणजे तू तिथेच होतास. तूच मारलंस त्याला!"

मास्तरने सुजल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"हो, मीच," तो म्हणाला. "झालं समाधान? आता ती फाइल उघडू नकोस."

धाकट्याने पाना उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड बोललं. दुसरा जबड्यावर. नंतरचे त्याने मोजले नाहीत. खुर्ची कलंडली, भिंतीवर शिंतोडे उडाले, आणि दोरखंडातलं शरीर हलायचं थांबलं तरी त्याचा हात थांबेना.

मग तो धापा टाकत कॉम्प्युटरसमोर बसला. शपथ पुरी झाली होती. आता दादाचं तोंड एकदा शेवटचं बघायचं होतं, पण पासवर्ड सांगणारा जमिनीवर पडला होता.

धाकट्याने मास्तरचा प्रोग्रामच उघडला. पासवर्ड कधी कोडमध्ये लिहायचा नाही, असं मास्तर दोघांच्या कानीकपाळी ओरडायचा. त्या संध्याकाळी घाईत त्याने स्वतः तेच केलं होतं. एकच ओळ नवी होती, लायब्ररीला फक्त त्या तारखेच्या झिपला कुलूप घालायला सांगणारी. त्यात अवतरणचिन्हांत एक शब्द होता: गोट्या.

धाकटा चपापला. हे नाव याला कोणी सांगितलं?

रक्ताळल्या बोटाने त्याने ते टाइप केलं. झिप उघडली. पडद्यावर गेट आलं, बाक आला, बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेला तो स्वतः. मग दादा आला. त्याच्या हातात पाना होता. दादाने इकडेतिकडे पाहिलं, धाकट्याच्या उशाशी उभा राहिला, नेम धरल्यासारखा पाना त्याच्या डोक्यावर उगारला, आणि दादाच्या पाठीमागून, डावा पाय ओढत, दोन्ही हातांत दुसरा पाना उचलून धरलेली आई आली.